शिंपला ओळखावा तो आतून

चिपळूण तालुक्यातल्या अलोऱ्याला समुद्रकिनारा नाही, पण इथलं पाणी दाभोळच्या खाडीपर्यंत जातं. कोयनेचं पाणी पोफळीला वीज तयार करून कोळकेवाडीच्या जलाशयात येतं आणि तिथल्या वीजगृहातून पुढे वाशिष्ठी नदीत सोडलं जातं. म्हणून वाशिष्ठी भर उन्हाळ्यातही वाहते. हे गोडं पाणी पुढे खाडीच्या खाऱ्या पाण्यात मिसळतं, आणि कोणता शिंपला कुठे जगेल, हे बऱ्याच अंशी पाण्याच्या खारटपणावर ठरतं.

गोड्या पाण्यातला लॅमेलिडेन्स हा शिंपला आतून मोत्यासारखा चमकतो. त्याची पिल्लं सुरुवातीला माशांच्या कल्ल्यांना चिकटून वाढतात, म्हणजे मासे संपले की शिंपलेही संपतात. खाली निमखाऱ्या पाण्यात तिसऱ्या आणि कालवं सुरू होतात.

बाजारात सरसकट ‘तिसऱ्या’ म्हणून विकल्या जाणाऱ्या शिंपल्यांत अनेक जाती असतात. रंगावर विसंबू नये, तो चिखल-वाळूप्रमाणे बदलतो. रिकामी शिंप उजेडात धरून आतली बाजू पाहावी. काठाला समांतर एक पुसट रेषा दिसते आणि मागच्या टोकाजवळ ती आत वळून खाच करते. शिंपला ज्या नळ्यांनी पाणी आत-बाहेर करतो, त्या आखडून घेण्याची ही जागा. नळ्या लांब असल्या की खाच खोल. गुळगुळीत पाठीच्या मेरेट्रिक्समध्ये ती उथळ असते, पाठीवर वलयांच्या कडा असलेल्या पॅफियामध्ये त्याहून खोल. बिजागरीवर बारीक दातांची लांब ओळ आणि पाठीवर जाड उभ्या धारा दिसल्या, तर तो लाल रक्ताचा टेगिलार्का.

कालवांचा आकार खडकाप्रमाणे वेडावाकडा होतो. तिथे स्नायूचा वण पाहावा: क्रॅसोस्ट्रिया मद्रासेन्सिसमध्ये तो गडद जांभळा, तर ग्रायफॉइडिसमध्ये फिकट.

रत्नागिरीजवळच्या काळबादेवी खाडीतल्या कॅटेलिशिया ओपिमा या शिंपल्याचा मराठवाडा विद्यापीठातल्या नागभूषणम आणि माने यांनी सविस्तर अभ्यास केला होता. अशा अभ्यासाची पहिली पायरी अचूक ओळख हीच असते. जातच चुकली, तर तिचा विणीचा काळ चुकतो आणि कधी काढायची, कधी सोडायची हे कळत नाही.

म्हणून अलोरे ते दाभोळ या पट्ट्यातल्या शाळांनी रिकाम्या शिंपा जमवाव्यात. प्रत्येकीवर ठिकाण आणि तारीख लिहावी, आतून-बाहेरून फोटो काढावेत आणि रत्नागिरीजवळच्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातल्या जाणकारांना दाखवावेत. जिवंत शिंपले मात्र जिथले तिथेच ठेवावेत.