जुन्या डेस्कचा डाग आणि यतना

दिवाळीत वहीपूजनासाठी पेढीवरचे जुने सागवानी डेस्क पुढे ओढले जाते आणि झाकणावरचे पांढरे वर्तुळ सर्वांच्या नजरेस पडते. कुणीतरी कधीतरी चहाचा गरम पेला तेथे टेकवलेला असतो. ‘घासून नवे पॉलिश करा, नाहीतर काढून टाका,’ असा सल्ला लगेच मिळतो. ज्या डेस्कवर दोन-तीन पिढ्यांनी जमाखर्च मांडला, त्याचे भवितव्य एका डागावर ठरू लागते.

वास्तविक पांढरा डाग बहुधा लाकडात नसतो, वरच्या पॉलिशमध्ये असतो. उष्णतेने व वाफेने ओलावा त्या पातळ थरात शिरतो आणि थर धुरकट दिसू लागतो. डाग काळा असेल, तर मात्र पाणी लाकडापर्यंत पोहोचलेले असते. ते काम जाणत्या सुताराकडेच सोपवावे.

जुन्या डेस्कांवर पुष्कळदा स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे पॉलिश असते. येथे श्रावकाच्या मनात प्रश्न उभा राहणे स्वाभाविक आहे. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर राहणारे सूक्ष्म कीटक स्वतःभोवती जो राळेसारखा स्राव निर्माण करतात, तीच लाख. ती खरवडून घेताना असंख्य जीवांचा घात होतो. म्हणूनच श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत ‘लाक्षावाणिज्य’ गणलेले आहे. मग दुरुस्तीसाठी नवी लाख आणावी काय?

त्याची गरजच नाही. लाखेचा थर जुना झाला, तरी बहुधा स्पिरिटने पुन्हा मऊ होतो. त्यामुळे जुने पॉलिश स्वतःच्याच द्रव्याने सांधता येते. उलट, सारे घासून काढले की नवा लेप द्यावाच लागतो.

प्रथम सांधे व खण मऊ पुंजणीने पुंजून घ्यावेत, म्हणजे आडोशाला बसलेले जीव सुखरूप दूर होतील. नंतर डेस्कच्या तळाशी, न दिसणाऱ्या जागी, स्पिरिटचा ओझरता बोळा टेकवून पाहावा. पृष्ठभाग चिकट झाला, तर पॉलिश लाखेचे समजावे. काहीच परिणाम झाला नाही, तर ते अलीकडचे रासायनिक पॉलिश असण्याचा संभव अधिक. त्यावर पुढील स्पिरिटचा उपाय चालत नाही.

आरंभ सर्वांत सौम्य उपायाने करावा. हेअर ड्रायर मंद ठेवून, थोड्या अंतरावरून, हात सतत फिरवत डागाला ऊब द्यावी. लाख उष्णतेने मऊ होते, म्हणून पृष्ठभाग हाताला गरम लागताच थांबावे. कोवळा डाग एवढ्यानेही पुसट होतो.

डाग उरलाच, तर कापूस सुती कापडात गुंडाळून पुरचुंडी करावी, तिच्यावर थोडे स्पिरिट घ्यावे आणि ती तळहातावर दाबून पाहावी. हाताला गारवा जाणवावा, ओल दिसू नये. मग लाकडाच्या रेषांच्या दिशेने हलका हात फिरवावा. पुरचुंडी डागावर क्षणभरही थांबवू नये. थांबली की थर उचलला जातो. दोन-चार हात झाले की पूर्ण वाळू द्यावे, मगच पुन्हा पाहावे. घाई हाच या कामातील मोठा दोष. स्पिरिट ज्वालाग्राही व विषारी आहे. खिडक्या उघड्या असाव्यात, दिवा, उदबत्ती आणि लहान मुले दूर असावीत.

रात्रभर वाळल्यावर वरून मेण द्यावयाचे असेल, तर डब्यावरील घटक वाचावेत, कारण तयार मेणात मधमाश्यांचे मेण असू शकते. ब्राझीलमधील एका ताडवृक्षाच्या पानांपासून मिळणारे कार्नोबा मेण वनस्पतीज आहे. जेथे पॉलिश पुरते उडून लाकूड उघडे पडले असेल, तेथे जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात पुरतो. तेलाच्या चिंध्या मात्र गोळा करून ठेवू नयेत. त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. मोकळ्या जागी पसरून वाळवाव्यात.

इतके करूनही वर्तुळाची एखादी पुसट कड राहिली, तर राहू द्यावी. जे आहे ते जपून वापरणे आणि नव्या हिंसेला निमित्त न होणे, हीच यतना. वहीपूजनाच्या दिवशी त्याच डेस्कवर नवी वही उघडली जाईल. आणि चहाचा पेला त्यावर न ठेवण्याची सवय घरातील धाकट्यांना तेव्हापासूनच लावता येईल.