‘आपल्या पोराले सीट काहून नाही?’

वाशिमला सरकारी मेडिकल कॉलेज झाल्यापासून गावोगावच्या पारावर एक हिशोब मांडला जातो. कॉलेज आपल्या जिल्ह्यात, शंभर जागा आपल्या जिल्ह्यात, मंग आपल्या पोराले सीट काहून नाही? पोरगं नेमकं त्याच वर्षी नीटला बसलेलं असलं तर बापाचा प्रश्न त्याच्यावरच येऊन आदळतो : ‘घराजवळच्या जागा असून तुला एक मिळवता येईना?’

ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यातल्या दहा सरकारी मेडिकल कॉलेजांचं एकाच दिवशी उद्घाटन झालं, त्यात वाशिमचं नाव होतं. जागा शंभरच, हेही खरं. पण त्यातल्या १५ टक्के देशभराच्या कोट्यातून भरतात आणि उरलेल्या ८५ टक्के राज्याच्या गुणवत्ता यादीतून, आरक्षणाच्या प्रवर्गांनुसार. जिल्ह्यासाठी राखीव अशी एकही जागा नाही. मालेगाव-रिसोडच्या मुलाला वाशिमच्या जागेसाठी लातूर, पुणे, मुंबईच्या मुलांशीच स्पर्धा करावी लागते.

‘पूर्वी विदर्भाचा कोटा होता ना?’ असं कुणीतरी विचारतंच. होता. ७०:३० म्हणत त्याला. सत्तर टक्के जागा त्या-त्या विभागातल्या मुलांना आणि तीस टक्के राज्यभरातल्यांना. मराठवाड्यात कॉलेजं कमी, त्यामुळे तिथून त्याविरुद्ध ओरड होती. सप्टेंबर २०२० मध्ये तो रद्द झाला. तो होता तेव्हाही विभाग म्हणजे अख्खा विदर्भ, एकटा वाशिम जिल्हा नव्हे. तरीही हा कोटा लोकांच्या बोलण्यात अजून जिवंत आहे, आणि जी सवलत नाही तिच्या भरवशावर पोराला जाब विचारला जातो.

दुसरा घोटाळा ‘पास’चा. २०२५ च्या नीटला सुमारे २२ लाख मुलं बसली आणि १२ लाखांवर पात्र ठरली. खुल्या गटाची पात्रतेची रेघ होती ७२० पैकी १४४. म्हणजे पात्र झाल्याचा फोन आला, घरात पेढे वाटले, पाहुण्यांनी ‘डॉक्टर झाला बाप्पा’ म्हणून पाठ थोपटली, तरी तो मुलगा अजून फक्त रांगेत उभा राहिलेला असतो. देशात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास, त्यातल्या सरकारी साधारण निम्म्या. पुढे ऑगस्टमध्ये नेट कॅफेत बसून राउंडमागून राउंड बघताना नाव कुठेच लागत नाही, तेव्हा आधी वाटलेले पेढेच त्या पोराला अंगाशी येतात. ‘पास तर झाला होतास, मग आता काय झालं?’ या प्रश्नाला त्याच्याजवळ उत्तर नसतं. उत्तर वरच्या आकड्यांत आहे.

इंजिनिअरिंगच्या घरात हाच गोंधळ पर्सेंटाइलवरून होतो. सीईटीला ९२ पर्सेंटाइल म्हणजे ९२ टक्के गुण नव्हेत. चार लाख मुलं बसली असतील तर त्याच्या पुढे साधारण ३२ हजार जण आहेत, एवढाच त्याचा अर्थ. बारावीला शेजारच्याच्या मुलीला ८५ टक्के होते म्हणून आपल्या ९२ ला पुण्याचं नामांकित कॉलेज लागेल, असं धरून चालणाऱ्या पालकाची निराशा ठरलेली आहे.

सहावीपासून ‘फाउंडेशन’ लावलं नाही तर गाडी सुटते, हे क्लासवाल्यांचं म्हणणं. केंद्र सरकारच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सोळा वर्षांखालच्या मुलाला कोचिंगमध्ये घेऊच नये असं आहे, आणि रँकची हमी देऊ नये असंही. जाहिरातींचे फलक पाहिले तर हे कुणी वाचलंय असं वाटत नाही.

मुलीच्या बाबतीत दबाव उलटा : ‘एवढी फी कुठून आणू, डीएड-बीए कर.’ २०२४-२५ पासून कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ आहे. प्रवेश मात्र शासनाच्या केंद्रीय फेरीतून हवा. मॅनेजमेंट कोट्याला ही माफी लागू नाही. बंजारा, धनगर, ओबीसी घरातल्या मुलांसाठी नागपूरची महाज्योती दहावीनंतर नीट, जेईई, सीईटीचं मोफत ऑनलाइन प्रशिक्षण देते, टॅब आणि डेटासकट. लातूर-कोट्याला पाठवण्यासाठी वावर गहाण टाकण्याआधी ती जाहिरात तरी शोधावी.

राहता राहिलं रिपीट. जेईई अॅडव्हान्स्ड सलग दोनच वर्षं देता येते. नीटला किती वेळा बसावं याला मर्यादाच नाही, त्यामुळे ‘अजून एक वर्ष’ हे वाक्य तिसऱ्या-चौथ्या वर्षीही ऐकू येतं. यात एक ऐकीव अडथळा असतो : क्लासची फी एकदा भरली की परत मिळत नाही, म्हणून पोरगं तिकडे झोपेविना कुढत असलं तरी ‘पैसे बुडतील, मार्चपर्यंत काढ’ असं सांगितलं जातं. त्याच २०२४ च्या तत्त्वांनुसार मुलाने मध्येच सोडलं तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत द्यायची आहे, आणि राहणं क्लासच्याच होस्टेलात असेल तर होस्टेल आणि मेसचे पैसेही. तोंडी मागितलं तर टोलवाटोलवी होते. अर्ज लेखी द्यावा, त्याची पोच घ्यावी, आणि प्रवेशाच्या दिवशीची पावती गाठीशी ठेवावी.