ग्रंथ देवघेव (महाविद्यालयीन ग्रंथालये)
ग्रंथालयातील पुस्तके वाचकांना घरी देणे व परत घेणे, या व्यवहारास ग्रंथ देवघेव म्हणतात. अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठाने १९६९ मध्ये घेतलेल्या पुस्तकांपैकी सुमारे ४० टक्के पुस्तके पहिल्या सहा वर्षांत एकदाही वाचकांनी नेली नव्हती.

जालना जिल्ह्यातील कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहेत. विद्यापीठाचा अभ्यासक्रम बदलला की जुन्या क्रमिक पुस्तकांची मागणी घटते. संदर्भग्रंथ सहसा घरी दिले जात नाहीत. वाचनकक्षातील वाचनही देवघेवीच्या नोंदीत येत नाही. त्यामुळे केवळ या नोंदींवरून पुस्तके बाद केल्यास उपयुक्त ग्रंथही संग्रहातून जाऊ शकतात. ‘ग्रंथ उपयोगासाठी आहेत’ हा शि. रा. रंगनाथन यांचा पहिला सिद्धान्त (१९३१) दोन्ही प्रकारच्या वापराला लागू होतो.