आधी बाजार, मग एम.बी.ए.

पदवी परीक्षांचे निकाल लागले की आपल्या समाजातील घराघरांत एकच चर्चा सुरू होते. मुलगा बी.कॉम. झाला, आता पुढे काय? एके काळी याची ठरलेली उत्तरे होती. ऐपत असेल तर वडिलांच्या दुकानावर बसायचे, नसेल तर आखाती देशाचा व्हिसा शोधायचा. आज मालेगाव, भिवंडी, सोलापूर, मिरज अशा कुठल्याही गावात विचारा, "एम.बी.ए. करतोय" असे उत्तर हमखास ऐकू येते. मुलींच्या बाबतीतही ऐकू येऊ लागले आहे, ही तर अल्लाहची मेहरबानीच म्हटली पाहिजे. तालीमच्या बाबतीत समाज पुढे सरकत असल्याचा आनंद कोणाला होणार नाही? परंतु या आनंदात एक घाई शिरली आहे आणि त्या घाईची किंमत आईच्या दागिन्यांनी चुकवली जात आहे, म्हणून हे चार शब्द.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. पदवी हाती आल्यावर किमान दोन, जमल्यास तीन वर्षे परक्याच्या हाताखाली पगारी काम करावे आणि त्यानंतर एम.बी.ए.च्या वर्गात पाऊल ठेवावे.

आधी पैशाचा हिशेब पाहू, कारण व्यापारी माणूस तेथूनच सुरुवात करतो. खासगी संस्थेतील दोन वर्षांची फी, वसतिगृह, खाणे-पिणे, लॅपटॉप असे सर्व मांडले तर आकडा काही लाखांत जातो. तो कोठून उभा राहतो हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. थोडे दागिने, थोडे मामूंकडून उसने आणि उरलेल्यासाठी बँकेचे शैक्षणिक कर्ज, म्हणजेच व्याज. ज्या वडिलांनी आयुष्यभर व्याजाच्या पैशाला हात लावला नाही, त्यांना मुलाच्या शिक्षणापायी त्या कागदावर सही करावी लागते. मुलाने दोन-तीन वर्षे नोकरी करून पगारातून काही बाजूला टाकले, तर हे कर्ज निम्म्यावर येते, काही घरांत लागतही नाही. एवढा एक फायदा सोडून बाकी काही नसते, तरी मी हाच सल्ला दिला असता.

आमच्या बाजारपेठेतील दोन मुले माझ्या डोळ्यांसमोर आहेत. पहिला बी.कॉम. होताच त्याच वर्षी एम.बी.ए.ला गेला. हुशार, नमाजी, मेहनती. दोन वर्षांनी बाहेर पडला तेव्हा त्याला एका वित्त कंपनीत दारोदार फिरून कर्जे विकण्याची नोकरी मिळाली. शेजारच्या टेबलावर त्याच कामासाठी घेतलेला मुलगा साधा बी.कॉम. होता आणि दोघांच्या पगारात फार तर दोन-अडीच हजारांचा फरक होता. कंपनीच्या लेखी दोघेही नवखेच. अनुभव नसलेल्याला पदवीच्या जोरावर वरच्या खुर्चीवर बसवणाऱ्या संस्था देशात मोजक्या आहेत आणि तेथे पोचणारी मुलेही मोजकीच असतात.

दुसऱ्या मुलाने आधी एका प्रोसेस हाउसमध्ये डिस्पॅचचे काम धरले. ग्रे माल आत येतो, रंगून-छापून बाहेर जातो, यांच्या मध्ये काय काय घडते ते त्याने तीन वर्षे रोज पाहिले. एकाच रंगाच्या दोन लॉटमध्ये शेडचा फरक का पडतो, पार्टी माल परत का पाठवते, ट्रान्स्पोर्टची पावती एक दिवस उशिरा निघाली तर पैसे पंधरा दिवस उशिरा का येतात, हे त्याला कोणी फळ्यावर लिहून दाखवले नाही. नंतर तो एम.बी.ए.ला गेला. गुणवत्ता नियंत्रणाचा तास त्याला इतरांपेक्षा वेगळा ऐकू येत असणार, नाही का? आज तो एका गारमेंट कंपनीत खरेदी पाहतो आणि आमच्यासारख्यांना भावात घाम फोडतो.

ज्यांनी हे शिक्षण जगात रुजवले त्यांची रीतही पाहण्यासारखी आहे. अमेरिकेतील हार्वर्डची व्यवसाय शाळा १९०८ साली सुरू झाली. तेथे शिक्षण चालते ते 'केस'वर. एखाद्या खऱ्या कंपनीची अडचण वर्गापुढे ठेवायची आणि तुम्ही मालक असता तर काय केले असते ते विचारायचे. अशा वर्गात ज्याने कधी पगाराची पाकिटे वाटली नाहीत की वसुलीसाठी कोणाच्या पेढीवर बसून चहावर चहा प्यायला नाही, तो बोलणार काय? म्हणून तेथे प्रवेश घेणाऱ्यांच्या पाठीशी सर्वसाधारणपणे चार-पाच वर्षांचे काम असते. आपल्याकडे अहमदाबाद आणि कलकत्ता येथील आय.आय.एम. १९६१ साली निघाल्या, मुंबईची जमनालाल बजाज संस्था १९६५ साली. कॉलेजातून थेट आलेल्या मुलांना घेण्याची पद्धत आपल्याकडे पडली आणि ती टिकली. तरी अहमदाबादच्या आय.आय.एम.ने २००६ साली एक वर्षाचा पी.जी.पी.एक्स. अभ्यासक्रम सुरू केला, त्याला पदवीनंतर किमान चार वर्षांचा अनुभव लागतो. हैदराबादच्या इंडियन स्कूल ऑफ बिझनेसच्या एक वर्षाच्या मुख्य अभ्यासक्रमाला दोन वर्षे लागतात. आय.आय.एम.च्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला अनुभवाची सक्ती नाही, पण निवडीत त्याचे वजन पडते. आपल्या राज्यात सी.ई.टी. मार्गे होणाऱ्या प्रवेशात मात्र परीक्षेचे गुण पाहिले जातात, अनुभवाची अट नाही. दार उघडे आहे म्हणून आपली मुले घाईने आत शिरतात.

आता कामावर नेमके काय शिकायला मिळते ते माझ्या धंद्यातून सांगतो. साधा यंत्रमाग मिनिटाला १६० पिक मारतो असे धरा. तासाला झाले ९,६००. कापडात इंचाला ४८ पिक असतील तर तासाला २०० इंच, म्हणजे सुमारे पाच मीटर कापड. बारा तासांच्या पाळीला साठ मीटर. कॉलेजातून आलेला मुलगा हा हिशेब कॅल्क्युलेटरवर मांडतो, मागांच्या संख्येने गुणतो आणि पार्टीला तारीख देऊन मोकळा होतो. कारखान्यात दोन महिने उभा राहिलेल्या मुलाला माहीत असते की सूत तुटते, कांडी संपते, बीम बदलायला वेळ जातो, वीज जाते आणि शुक्रवारी जुम्याला कारखाना थांबतो. साठ मीटरच्या जागी पंचेचाळीस मिळाले तरी तो शुक्र अल्लाहचा म्हणतो आणि पार्टीला तशी तारीख देतो. कागदावरचे साठ आणि मागावरचे पंचेचाळीस यांच्यामधल्या पंधरा मीटरमध्ये किती कारखाने बुडाले आहेत ते जुन्या लोकांना विचारा.

उधारीचेही तसेच. दहा लाखांच्या भांडवलावर तीन टक्के नफ्याने माल विकला आणि पैसा वर्षात चार वेळा फिरला तर एक लाख वीस हजार मिळतात. तोच पैसा आठ वेळा फिरला तर दोन लाख चाळीस हजार. भाव एक पैसाही वाढवावा लागत नाही. पुस्तकात याला वर्किंग कॅपिटल म्हणतात आणि त्यावर अख्खे प्रकरण असते. परंतु कोणत्या पार्टीला साठ दिवस द्यायचे, कोणाला वटाव देऊन रोखीत आणायचे आणि कोणाला गोड बोलून माल नाहीच म्हणायचे, हे ओळखायला दलालाबरोबर पेठेत फिरावे लागते.

उर्दू माध्यमातून शिकलेल्या मुलांसाठी आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला विशेष महत्त्वाची वाटते. एम.बी.ए.च्या प्रवेशाची मुलाखत आणि गटचर्चा इंग्रजीत होते. आपली मुले गणितात मागे नसतात, तोंड उघडायला घाबरतात. मी स्वतः उर्दू शाळेतला. माझी मराठी गिऱ्हाइकांनी घडवली आणि जी काही इंग्रजी आहे ती परत आलेल्या मालाच्या तक्रारींना उत्तरे लिहिता लिहिता आली. ज्या मुलाने दोन वर्षे ऑफिसात रोज दहा-वीस ई-मेल लिहिले, फोनवर चेन्नईच्या किंवा कोलकात्याच्या माणसाशी हुज्जत घातली, त्याची भीती कोणत्याही क्लासपेक्षा लवकर जाते. मुलींनी जी.एस.टी. सल्लागाराच्या किंवा सी.ए.च्या कार्यालयात काम धरावे, असे मी पालकांना आवर्जून सांगतो. पन्नास व्यापाऱ्यांच्या वह्या ज्या मुलीच्या डोळ्यांखालून गेल्या, तिला फायनान्सचा विषय परका वाटत नाही.

"परक्याच्या हाताखाली" असे मी मुद्दाम म्हटले. वडिलांच्या गादीवर बसून घालवलेली दोन वर्षे मी अनुभवात धरत नाही. तेथे मुलगा अकरा वाजता येतो, मेहताजी त्याला "भैया" म्हणून हाक मारतात आणि चूक झाली तर अब्बा निस्तरतात. बोलणी खाल्ल्याशिवाय आणि महिनाअखेर पगाराची वाट पाहिल्याशिवाय नोकरांचे दुःख कळत नाही. मारवाडी आणि गुजराती पेढ्यांत मुलाला आधी नातेवाइकाच्या किंवा ओळखीच्या पेढीवर कामाला ठेवण्याची जुनी चाल होती, ती उगाच पडली नव्हती.

आपल्या इतिहासातील एक दाखला येथे आठवतो, आणि आम्हा कापडवाल्यांना तो विशेष प्रिय आहे. इमाम अबू हनीफा (रह.) हे कूफा शहरातील कापडाचे व्यापारी. रिवायतीत येते की तरुणपणी त्यांना बाजाराकडे जाताना पाहून इमाम शअबी (रह.) यांनी चौकशी केली, आणि हा बुद्धिमान तरुण केवळ बाजारातच ये-जा करतो हे कळल्यावर त्यांना आलिमांच्या सोहबतीत बसण्याचा सल्ला दिला. ते बसले. हम्माद बिन अबी सुलेमान (रह.) यांच्याकडे त्यांनी अठरा वर्षे शिक्षण घेतले, पण दुकान बंद केले नाही. भागीदाराने दोष असलेले कापड दोष न सांगता विकले, तेव्हा त्यांनी ती सारी रक्कम सदका करून टाकली, हा प्रसंग सर्वश्रुत आहे. खरेदी-विक्रीच्या मसाइलवर बोलताना त्यांच्या बोटांना थानाचा स्पर्श ठाऊक होता.

हे वाचून आमचे काही व्यापारी बांधव खूश होतील आणि म्हणतील, मग शिकायचेच कशाला, गादीच खरी शाळा. त्यांच्यासाठी २०२४ सालच्या मार्च महिन्याची आठवण करून देतो. आयकर कायद्याच्या कलम ४३ बी मध्ये एक नवे पोटकलम आले होते आणि ते २०२३-२४ या आर्थिक वर्षाला लागू झाले. नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाकडून माल घेतला तर लेखी करार नसल्यास पंधरा दिवसांत आणि करार असल्यास जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत पैसे द्यायचे. न दिल्यास ती रक्कम त्या वर्षीच्या खर्चात धरली जाणार नाही, म्हणजे तेवढ्या रकमेवर कर. नव्वद दिवसांच्या उधारीची सवय असलेल्या कापड बाजारात मार्च उजाडला आणि धावपळ उडाली. कोणी माल परत केला, कोणी ऑर्डर थांबवल्या. तीस-तीस वर्षे धंद्यात मुरलेल्या माणसांना हे शेवटच्या आठवड्यात सी.ए.कडून कळले. उलट कायदा वाचलेल्या नवशिक्यांना वाटले होते की आता लघु उत्पादकांचे पैसे झटपट येतील; गिऱ्हाईक पैसे देण्याऐवजी गाठच परत पाठवेल हे त्यांच्या मनातही आले नव्हते. एकच वर्षाचे काम तीस वेळा करणाऱ्याला तीस वर्षांचा अनुभव आहे असे मी मानत नाही. ज्याला खरेदी-विक्रीचे मसाइल ठाऊक नाहीत त्याने आमच्या बाजारात बसू नये, अशी हजरत उमर (रजि.) यांची ताकीद होती, तीही आपण विसरतो.

ज्यांना घरच्या जबाबदारीमुळे नोकरी सोडता येत नाही त्यांनी निराश होऊ नये. दिल्लीचे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ यांचे एम.बी.ए. काम सांभाळून करता येते. आपल्या समाजाच्या संस्थांपैकी मुंबईत अंजुमन-ए-इस्लामची आणि पुण्यात आझम कॅम्पसमधील अल्लाना संस्था आहे. प्रवेशाची चौकशी तेथे जाऊन करावी.

शेवटी एक कागदाची गोष्ट. बहुतेक संस्था पदवीनंतरचा पूर्ण वेळ कामाचा अनुभवच धरतात आणि त्याचा पुरावा मागतात : नेमणूक पत्र, पगाराच्या पावत्या, बँकेचा उतारा, काम सोडल्याचे पत्र. आमच्या पेठेत चार-चार वर्षे प्रामाणिकपणे राबलेल्या मुलांपाशी यांतले काहीही नसते. पगार रोखीने, नेमणूक तोंडी. असा मुलगा मुलाखतीला जातो तेव्हा त्याची ती चार वर्षे कोऱ्या पाटीसारखी दिसतात. दुकानदार आणि कारखानदार बांधवांनी मुलगा कामावर ठेवताना लेटरहेडवर चार ओळी लिहून द्याव्यात, पगार बँकेत भरावा आणि वीस किंवा अधिक माणसे असतील तर भविष्य निर्वाह निधीची नोंदणी करावी, तो तर कायदाच आहे. मुलांनीही पहिल्याच दिवशी हे अदबीने मागून घ्यावे. काम सोडताना मागितले तर मालकाचा मूड कसा असेल सांगता येत नाही.