रामदेवरावाची लेक नक्की कोणती? (एपिसोडचं लिखाण)

ज्यांना इअरफोन सापडत नाहीत किंवा ज्यांचा डेटा संपलाय, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून काढलाय. बोलताना घातलेला घोळ थोडा निस्तरलाय, बाकी सगळं तसंच आहे.

सुरुवात माझ्या गावापासून करतो. मी वाशीचा. हे सांगितलं की समोरचा लगेच विचारतो, "स्टेशनजवळ राहतोस का?" अहो, नवी मुंबईचं वाशी नाही, धाराशिव जिल्ह्यातलं वाशी. आमचा तालुका आहे, स्टेशन नाही. आणि जिल्ह्याचं म्हणाल तर माझ्या दहावीच्या सर्टिफिकेटवर उस्मानाबाद आहे, आणि २०२३ नंतरच्या कागदांवर धाराशिव. म्हणजे गावाचं नाव एक पण गावं दोन, आणि जिल्हा एक पण नावं दोन.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. माझं बरंचसं काम डुप्लिकेट रेकॉर्ड शोधण्याचं. एकाच माणसाची दोन खाती झाली असतील तर जोडायची, आणि दोन वेगळ्या माणसांची चुकून एकत्र झाली असतील तर तोडायची. पहिली चूक निस्तरता येते. दुसरी फार महागात पडते, कारण एकदा मिसळलेला डेटा वेगळा करणं म्हणजे दुधातलं पाणी काढणं.

आजची गोष्ट अशाच एका रेकॉर्डची आहे, फक्त सातशे वर्षं जुन्या. आमच्याकडून येरमाळा-चौसाळ्याच्या हायवेला लागलं आणि बीडवरून सरळ वर गेलं की छत्रपती संभाजीनगर, आणि त्याच्या पुढे देवगिरीचा किल्ला. तिथला राजा रामचंद्र यादव, म्हणजे आपला रामदेवराव. ज्ञानेश्वरी १२९० मध्ये पुरी झाली तेव्हा हाच राज्यावर होता, आणि ग्रंथाच्या शेवटी त्याचा उल्लेखही आहे. या रामदेवरावाची एक मुलगी अलाउद्दीन खिलजीची राणी झाली असं सांगतात. तिचं नाव काय? ती खरंच त्याची मुलगी होती का? आणि तिच्या नावावर ज्या दोन-तीन गोष्टी फिरतात, त्या सगळ्या एकाच बाईच्या आहेत का?

आधी चौकट

१२९६ मध्ये अलाउद्दीन अजून सुलतानही नव्हता. कड्याचा सुभेदार होता, काका जलालुद्दीन दिल्लीच्या गादीवर. त्याने काकाला न सांगता देवगिरीवर धाड घातली. यादवांचं मोठं सैन्य राजपुत्राबरोबर बाहेर होतं. रामदेवरावाला तह करावा लागला, प्रचंड खंडणी द्यावी लागली. त्याच संपत्तीच्या जोरावर अलाउद्दीनने काकाला संपवलं आणि दिल्ली घेतली. पुढे खंडणी थकली, तेव्हा १३०७-०८ मध्ये मलिक काफूर आला आणि रामदेवरावाला दिल्लीला घेऊन गेला. तिथे मात्र त्याला कैदेत सडवलं नाही. 'राय-ए-रायान' ही पदवी दिली, वर एक लाख टंके दिले आणि सन्मानाने परत पाठवलं.

एवढा मान का? इथेच मुलीची गोष्ट येते. काही जण म्हणतात, सासरा होता म्हणून. पण "असं असेल म्हणून तसं असेल" हा पुरावा होत नाही. म्हणून आपण एकेक नोंद उघडून बघू.

नोंद पहिली: इराणातला वस्साफ

वस्साफ हा इराणी इतिहासकार. त्याने आपला ग्रंथ चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला, म्हणजे अलाउद्दीन जिवंत असतानाच लिहिला. तो सांगतो की देवगिरीच्या रायाने जीव वाचवण्यासाठी आपली मुलगी सुलतानाला दिली आणि खजिना हवाली केला.

याचा फायदा असा की ही नोंद त्याच काळातली आहे आणि लिहिणारा दिल्ली दरबाराचा नोकर नाही. तोटा असा की तो हजारो किलोमीटर लांब बसलाय. बातमी व्यापाऱ्यांच्या तोंडून समुद्रापलीकडे गेली असणार. आणि मुलीचं नाव तो देत नाही. त्याच्या लेखी ती खजिन्याच्या यादीतली आणखी एक बाब आहे.

नोंद दुसरी: देवगिरीत राहिलेला इसामी

इसामीची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये दिल्लीची माणसं देवगिरीला, म्हणजे दौलताबादला, हलवली. त्यात हा कोवळा पोरगा आपल्या म्हाताऱ्या आजोबांबरोबर निघाला. आजोबा वाटेतच गेले. पोरगा पोचला आणि पुढची वीसेक वर्षं इथेच राहिला. १३५० च्या सुमारास त्याने फारसी पद्यात 'फुतूह-उस-सलातीन' लिहिला, सुमारे १२ हजार कडव्यांचा.

अलाउद्दीनच्या मृत्यूनंतर काफूरने ज्या लहान मुलाला गादीवर बसवलं, त्या शिहाबुद्दीन उमरची आई रामदेवरावाची मुलगी होती असं हा इसामी सांगतो, आणि तिचं नावही देतो. ते नाव आज पुस्तकांत झत्यापाली, जेठापाली असं वेगवेगळं दिसतं.

याचा फायदा हा की माणूस देवगिरीतच होता. यादव दरबार बघितलेली म्हातारी माणसं त्याच्या अवतीभवती असणार. तोटा हा की लिहिलंय घटनेनंतर तीस-चाळीस वर्षांनी, आणि तेही पद्यात.

नोंद तिसरी: गप्प बसलेला बरनी

झियाउद्दीन बरनीने आपला इतिहास १३५७ मध्ये दिल्लीत पुरा केला. रामदेवरावाची पदवी, लाख टंके, सगळं तो सांगतो. लग्नाचा विषय मात्र काढत नाही.

मग लग्न झालंच नाही असं म्हणायचं का? डेटावाले इथे सावध असतात. रकाना रिकामा असणं आणि रकान्यात 'नाही' लिहिलेलं असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दरबारी इतिहासकार राणीचं नाव तेव्हाच लिहितात जेव्हा तिच्या मुलामुळे गादीचा प्रश्न येतो. आणि उमरची कारकीर्द तर जेमतेम तीनेक महिन्यांची.

यादवांच्या बाजूनेही हात रिकामेच. रामदेवरावाचा पैठणचा ताम्रपट १२७१ च्या सुमाराचा. हेमाद्री पंडिताने यादवांची प्रशस्ती लिहिली, तीही या सगळ्याच्या आधीची. दोन्हींत वंशावळ आहे, पण बापाकडून मुलाकडे जाणारी. लेकी त्या तक्त्यात बसत नाहीत.

मग छिताई कोण?

आता खरी गंमत. नारायणदास नावाच्या कवीची सोळाव्या शतकातली 'छिताई-वार्ता' आहे, जुन्या हिंदीतली. तिच्यात देवगिरीच्या रामदेवाची मुलगी आहे छिताई. तिचं लग्न द्वारसमुद्राच्या राजपुत्राशी होतं. एका चित्रकाराकडून तिच्या रूपाची कीर्ती अलाउद्दीनपर्यंत जाते, तो तिला पळवून नेतो, पण पुढे मुलीसारखं ठेवतो. नवरा जोगी होऊन वीणा वाजवत दिल्लीला येतो आणि सुलतान तिला त्याच्या हवाली करतो. जायसीच्या १५४० च्या 'पद्मावत'मध्येही छिताईचा ओझरता उल्लेख आहे.

काही अभ्यासक म्हणतात की छिताई म्हणजेच झत्यापाली. दोन्ही नावं 'क्षेत्रपाली'सारख्या एखाद्या मूळ नावावरून आली असावीत. ऐकायला हे वाटतं तितकं विचित्र नाही. फारसी लिपीत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहितच नाहीत. 'ज' आणि 'च' यांची आकृती एकच, फरक फक्त टिंबांचा, एक की तीन. नक्कल करणाऱ्याने टिंबं गाळली की वाचणारा आपल्या मनाने वाचणार. त्यामुळे झत्या, जेठा, छिता हे एकाच शब्दाचे अवतार असू शकतात.

पण 'असू शकतात' म्हणजे 'आहेत' नाही. बाकीचे रकाने जुळवून बघा. वडील जुळतात, अलाउद्दीन जुळतो. नवरा? एकीचा सुलतान, दुसरीचा राजपुत्र. मूल? एकीचा मुलगा गादीवर बसला, दुसरीच्या गोष्टीत तसं काहीच नाही. शेवट? एक दिल्लीतच राहिली, दुसरी माघारी आली. शिवाय दोन नोंदींमध्ये सुमारे दोनशे वर्षांचं अंतर. माझ्या ऑफिसात मी हे रेकॉर्ड मर्ज केलं असतं तर टीम लीडने परत पाठवलं असतं.

आणखी एका मुलीची यात सरमिसळ होते, देवलदेवीची. ती गुजरातच्या कर्ण वाघेलाची मुलगी. अमीर खुसरोच्या काव्यामुळे प्रसिद्ध. यादव राजपुत्राशी लग्न लावायला तिला देवगिरीकडे आणत होते, वेरूळजवळ ती दिल्लीच्या सैन्याच्या हाती लागली, आणि पुढे अलाउद्दीनचा मुलगा खिज्रखान याच्याशी तिचं लग्न झालं. देवगिरी, दिल्ली, राजकन्या, सगळे शब्द तेच. पण वडील वेगळे, नवरा वेगळा. व्हॉट्सॅपवर कुणी दोघींची एक गोष्ट करून पाठवली, तर हे दोनच रकाने तपासा.

मग निकाल काय?

माझं गणित असं. रामदेवरावाची एक मुलगी अलाउद्दीनकडे गेली, हे बऱ्यापैकी पक्कं. एक साक्षीदार इराणात, दुसरा देवगिरीत, आणि दोघांचे सूर वेगळे. वस्साफ धाडीची गोष्ट सांगतोय, इसामी गादीच्या वारसाची. एकाने दुसऱ्याची कॉपी मारली असं वाटत नाही. तीच मुलगी उमरची आई, हे शक्य कोटीतलं, पण सगळा भार एकट्या इसामीवर. आणि तीच छिताई, हे सध्या कथेच्या कपाटात ठेवलेलं बरं.

युरोपातही अगदी अशीच डोकेदुखी आहे. फ्रान्सचा राजा ह्यू कापे ९८७ मध्ये गादीवर आला. त्याची राणी ॲडलेड कुणाची मुलगी, यावर आजही वाद घालतात. तिकडचे अभ्यासक नातवंडांची नावं बघतात, आंदण मिळालेली गावं कुठली ते बघतात, आणि त्यावरून माहेर शोधतात. आपल्या राणीला तीही सोय नाही. जमिनीचा कागद नाही, आणि मुलगा पाच-सहा वर्षांचा असताना गादीवर बसवलेला.

त्या पोराचं पुढे काय झालं? जानेवारी १३१६ मध्ये अलाउद्दीन गेला. काफूरने उमरला पुढे करून कारभार हातात घेतला. सतराव्या शतकातला फिरिश्ता तर सांगतो की काफूरने त्याच्या आईशी लग्नही लावलं. महिन्याभरात काफूर मारला गेला. सावत्र भाऊ मुबारक आधी कारभारी झाला, मग सुलतान, आणि त्याने उमरचे डोळे काढवले. याच मुबारकने १३१७-१८ मध्ये देवगिरीवर चाल करून रामदेवरावाचा जावई हरपाळदेव याला ठार केलं आणि यादवांचं राज्य संपलं. इसामी खरा असेल, तर एकाच बाईचं सासर आणि माहेर दोन-तीन वर्षांत एकाच माणसाने बुडवलं. आणि त्या बाईचं नाव आपल्याला धड उच्चारताही येत नाही.

हे मला का खुपतं

माझी आज्जी मागच्या वर्षी गेली. तिच्या वडिलांच्या भूम तालुक्यातल्या जमिनीवर वारस म्हणून तिचं नाव लागलेलं होतं, सोनाबाई. आमच्या घरातल्या प्रत्येक कागदावर ती सुभद्रा. लग्नात नाव बदललेलं. शाळेत गेलेली नाही, त्यामुळे दाखला नाही. बाबा एका कार्यालयात गेले तर समोरचा म्हणाला, "ही बाई आणि ती बाई एकच कशावरून?" बाबा चिडले. मी गप्प बसलो, कारण प्रश्न बरोबर होता. मी रोज पगार घेऊन तोच प्रश्न विचारतो.

शेवटी माळ्यावर एक पितळी घागर सापडली. कडेला ठोक्याने अक्षरं काढलेली: चि. सौ. कां. सुभद्रा, पुढे तिच्या वडिलांचं नाव, "यांजकडून", आणि लग्नाचं साल. बापाने, लग्नाच्या वेळी, लेकीच्या नव्या नावानिशी दिलेली घागर. बाबांच्या मामेभावांनी ती हातात घेऊन बघितली आणि दोन्ही नावं एकाच बाईची असं प्रतिज्ञापत्र लिहून दिलं. एका 'उर्फ'साठी एवढा खटाटोप.

रामदेवरावाच्या लेकीची घागर अजून कुणाला सापडलेली नाही. एखादा शिलालेख, एखादी पोथी निघाली तर आजचा माझा निकाल बदलेल, आणि मी तसा एपिसोडही करेन.

तोवर एक काम करा. हे वाचून झालं की आज्जीला फोन लावा आणि तिचं लग्नाआधीचं नाव विचारा. आईचं, तिच्या आईचं, जितकं मागे जाता येईल तितकं. माळ्यावरच्या भांड्यांवरची नावं वाचा, फोटो काढून ठेवा, आणि भंगारवाल्याला देण्याआधी नीट बघा. तुमच्या घरी काय सापडलं ते व्हॉइस नोट करून पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो.

भेटू मग. काळजी घ्या.