भिंतीवरचे आठ दिवस

पहाटे पाच. जानेवारीत लोणावळ्यात वलवणच्या धरणावरून गारठा थेट घरात येतो. आई डबा भरत असते, मी पिशवी: मोजपट्टी, पाणपातळी, पक्कड, खिळ्यांचे दोन डबे, सुतळीचं रीळ. निघताना देवघरातल्या लक्ष्मीला हात जोडते. ती रविवर्म्याची आहे, कागदावर छापलेली, पणजोबांनी आणलेली. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत काढलेला छापखाना पुढे मळवलीला हलला. मळवली म्हणजे लोणावळ्याहून पुण्याकडे जाताना पहिलं स्टेशन. एकेका रंगाला वेगळा दगड, त्यावरून छपाई. तोवर संस्थानिकांच्या महालात असलेलं चित्र तिथून शेतकऱ्याच्या घरात गेलं. १९७२ साली छापखाना जळाला. आमच्या लक्ष्मीचा एक कोपरा कसरीने खाल्लाय, पण ती आहे.

सातनंतर सिंहगड एक्सप्रेस. घाट उतरेपर्यंत डबा शांत असतो, कर्जतनंतर गप्पा सुरू होतात. आमच्याच आळीतल्या काकू बावीस वर्षं या गाडीने फोर्टात कामाला जातात. "आज कुठं?" त्यांनी विचारलं. जे. जे.मध्ये विद्यार्थ्यांची चित्रं लावायला, म्हटलं. "ते झाडांमागचं? रोज फाटकावरून जाते मी. आपल्याला आत सोडतात होय?"

सोडतात. वार्षिक प्रदर्शनाला कुणीही जावं.

दहा. सीएसएमटीहून चालत पाच-सात मिनिटं. सर जमशेटजी जीजीभाईंनी लाख रुपये दिले, १८५७ साली ही कलाशाळा सुरू झाली, ही इमारत १८७८ची. २०२३मध्ये जे. जे. अभिमत विद्यापीठ झालं, पण मुलांच्या तोंडी 'ॲन्युअल' हा शब्द तोच राहिला. ॲन्युअलला वर्गांचीच दालनं होतात. ईझल, बसायचे डॉन्की बाक कोपऱ्यात जातात, भिंती पांढऱ्या होतात.

आल्याआल्या खिळा मारायचा नसतो. आधी सगळी चित्रं भिंतीच्या पायथ्याशी ओळीने टेकवून ठेवायची आणि चहा होईपर्यंत नुसतं बघायचं. कोणतं चित्र शेजाऱ्याचा आवाज दाबतंय? एक लालभडक कॅनव्हास होता, त्याच्या बाजूचं राखाडी निसर्गचित्र अगदी विझून गेलं होतं. लाल चित्र दाराजवळच्या एकट्या भिंतीवर नेलं, आणि राखाडीतलं धुकं दिसायला लागलं. मला या कामातलं हेच सगळ्यात जास्त आवडतं.

मग हिशेब. जमिनीपासून साधारण पाच फुटांवर सुतळी ताणायची. प्रत्येक चित्राचा मध्य तिच्यावर. चित्राची निम्मी उंची घ्यायची, टांगल्यावर तार वरच्या कडेपासून जितकी खाली राहते तेवढी त्यातून वजा करायची, उरेल तितका खिळा सुतळीच्या वर. मुलं घाईत वजाबाकी विसरतात आणि चित्र दोन इंच वर चढतं. "ताई, दोन इंचांनी काय होतंय?" मी त्यांना दहा पावलं मागे नेऊन उभं करते, बोलत काही नाही. सुतारमामांना तर पातळीही लागत नाही, ते एक डोळा मिटून सांगतात, "डावं सुताभर खाली."

दीडला डबा, जिन्यात बसून.

तीन. दिवे आणि लेबलं. दिवा समोरून मारला तर काचेत बघणाऱ्याचंच तोंड दिसतं, म्हणून तो वरून तिरका. वायरी मी स्वतः तपासते, जोड उघडा दिसला की पुढचं काम थांबवते. याच शाळेतल्या ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन १८७२पासून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला केल्या, वर्षानुवर्षं, गुहेतल्या अपुऱ्या उजेडात. त्या लंडनला गेल्या आणि १८८५च्या आगीत त्यांतल्या बऱ्याच जळाल्या. त्या पोरांचं जळालेलं काम आपण बघू शकत नाही. मळवलीचा छापखानाही गेला. म्हणून मला घाई असते ती चित्र बघितलं जाण्याची. इथली बहुतेक चित्रं आठवड्याने उतरतील, गुंडाळून हॉस्टेलच्या खाटेखाली जातील, काही कायमची.

चार. एका मुलाने गोठा रंगवलाय, पाच फुटी, तैलरंगात. मराठवाड्यातल्या गावाकडचा. खिळ्यावर चढवल्यावर त्याने वडिलांना व्हिडिओ कॉल लावला. वडील शेतात होते, फोन उन्हात धरलेला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "गव्हाण डाव्या अंगाला हाय आपली." पोरगं हसलं, पण फोन ठेवल्यावर माझ्याकडे वळून म्हणालं, "उद्घाटनाआधी बदलू?" मी म्हटलं, बदलू नकोस, तुझ्या चित्रात ती उजवीकडेच हवी, सगळा उजेड तिकडून येतोय. तो अजून विचार करत होता. त्याचा निर्णय त्यानेच घ्यावा.

पाच दहाची डेक्कन क्वीन. काकूंनी जागा धरली होती. मी फोनमधले फोटो दाखवले. गोठ्यापाशी त्या थांबल्या, दोन बोटांनी मोठा करून बघितला. "हे म्हशीच्या पाठीवरचं ऊन कसं काढलंय गं?" फोटोत ते निम्मंसुद्धा येत नाही, म्हटलं. कर्जतला मागे इंजिनं लागली, गाडी घाट चढायला लागली, आणि खंडाळ्याच्या अलीकडच्या बोगद्यात त्या म्हणाल्या, "शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत फाटकाशी उभी राहते. तू बाहेर ये मला न्यायला."

रात्री नऊ. वलवण. डब्यातले वाकडे खिळे वेगळे काढले, मोजपट्टी पुसली. उद्या शिल्पांचं दालन, ओटे अजून रंगवायचेत.