लुओंनी होकार दिला तेव्हा

सुंता केलेल्या पुरुषाला स्त्रीकडून एचआयव्हीची लागण होण्याचा धोका सुमारे 60 टक्क्यांनी घटतो, हे 2005 ते 2007 या काळात तीन चाचण्यांनी दाखवून दिलं. दक्षिण आफ्रिकेत ऑरेंज फार्म, केनियात किसुमू, युगांडात राकाई. पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतल्या अभ्यासात, गुप्तरोगांच्या दवाखान्यांत येणाऱ्या पुरुषांच्या पाहणीतून, 2004मध्येच हा कल दिसला होता. कारण विषाणू ज्या पेशींना धरतो त्या अग्रत्वचेच्या आतल्या बाजूला भरपूर असतात. मार्च 2007मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सुंतेची शिफारस केली.

पण शिफारस कोणाच्या गळी उतरवायची होती? केनियात व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या लुओ समाजात सुंता नव्हती. खालचे सहा दात काढणं हा त्यांचा जुना संस्कार. त्यात डिसेंबर 2007च्या निवडणुकीनंतर केनिया पेटला आणि जानेवारी 2008मध्ये नैवाशात जमावाने लुओ पुरुषांना धरून बळजबरीने त्यांची सुंता केली. ही जखम ओली असतानाच, त्याच वर्षी, सरकार त्याच समाजाकडे सुंतेचा आग्रह घेऊन गेलं. ज्येष्ठांच्या परिषदेने आधी विरोध केला, यात नवल नाही. मग बोलणी झाली. लुओंचे नेते आणि तेव्हाचे पंतप्रधान रैला ओडिंगा यांनी उघड पाठिंबा दिला. हा धर्म किंवा रूढी बदलण्याचा प्रश्न नाही, आजार टाळण्याचा आहे आणि निर्णय ज्याचा त्याचा, हे मान्य झालं तेव्हाच गाडी पुढे सरकली. शस्त्रक्रिया मोफत होती, परिचारिकांनाही प्रशिक्षण दिलं गेलं. लुओंच्याच प्रदेशातल्या, सियायामधल्या गेम भागात पुढच्या काही वर्षांत एचआयव्हीच्या नव्या लागणींचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. त्यात एचआयव्हीवरच्या औषधोपचाराचा वाटाही मोठा आहे.

याउलट, आफ्रिकेतल्याच स्वाझीलँडने 2011मध्ये एका वर्षात बहुसंख्य पुरुषांची सुंता करायची मोहीम काढली. राजा म्स्वाती यांनी तिचं उद्घाटन केलं, परदेशी पैसा आला, पण पुरुष फारसे आले नाहीत. मला यात आश्चर्य वाटत नाही. बुडणारी मजुरी, दुखण्याची भीती, सहा आठवडे शरीरसंबंध टाळण्याची अट, या अडचणी जाहिरातींच्या फलकांनी सुटत नाहीत.

एक गोष्ट खटकते. अनेक देशांत सुंतेचे आकडे भरले ते शाळकरी मुलांनी. 2020मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सुंतेसाठीच्या किमान वयाची मर्यादा 15 वर्षांवर नेली; लहान मुलांना होणाऱ्या इजा आणि त्यांच्या संमतीचा प्रश्न, दोन्ही त्यामागे होते. मला हे आधीच व्हायला हवं होतं असं वाटतं. 2025च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत रोखली, आणि बहुतांशी त्याच पैशावर चालणाऱ्या सुंतेच्या कार्यक्रमालाही मोठा फटका बसला.